एकच मैदान, दोन संघ

अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासाची चर्चा बहुधा न्यूयॉर्क, बोस्टन आणि शिकागो या शहरांभोवती फिरत राहते. व्यावसायिक बेसबॉलचे आज टिकून असलेले सर्वांत जुने मैदान मात्र यांपैकी एकाही शहरात नाही. ते दक्षिणेत, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे आहे. त्याचे नाव रिकवुड फील्ड. १८ ऑगस्ट १९१० रोजी तेथे पहिला सामना झाला. बोस्टनचे सुप्रसिद्ध फेनवे पार्क त्यानंतर दोन वर्षांनी, १९१२ साली उघडले.

आम्ही तेथे पोहोचलो ते मित्रांमुळे. अटलांटात स्थायिक झालेल्या दोघा मित्रांसह दक्षिणेत मोटारीने भटकायचे ठरले, तेव्हा आमच्या यादीत सेल्मा आणि माँटगोमेरी ही नागरी हक्कांच्या लढ्यातली गावे होती. रिकवुडचे नाव तीत घातले ते मित्रांपैकी एकाने. मूळचा क्रिकेटवेडा, पण वीस वर्षांत बेसबॉलचा भक्त झालेला. अटलांटाहून सुमारे दीडशे मैल पश्चिमेला गेले की बर्मिंगहॅम लागते. वाटेत अलाबामाची सीमा ओलांडताच घड्याळ एक तास मागे न्यावे लागते. त्यावर गाडीत जो विनोद व्हायचा तो झालाच.

बर्मिंगहॅम हे दक्षिणेतील जुन्या, कापसाच्या मळ्यांवर पोसलेल्या शहरांपैकी नव्हे. यादवी युद्ध संपल्यावर, १८७१ साली, रेल्वेमार्ग जेथे एकमेकांना छेदणार होते तेथे ते वसवले गेले. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी आसपासच सापडत असल्याने पोलादाचे कारखाने उभे राहिले आणि गोरे-काळे मजूर हजारोंनी आले. रिकवुड बांधणारा रिक वुडवर्ड हा अशाच एका लोखंडाच्या कारखानदार घराण्यातला. मैदानाचे नावही त्याच्याच नावावरून पडले. कारखान्यांचे स्वतःचे बेसबॉल संघ असत. गोऱ्या कामगारांचे वेगळे, काळ्या कामगारांचे वेगळे. १९२० साली उभा राहिलेला बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स हा संघ याच कारखानी संघांच्या मातीतून उगवला.

गोऱ्यांचा संघ होता बर्मिंगहॅम बॅरन्स. मैदान त्यांचे. ते परगावी खेळायला गेले की तेच मैदान भाडे भरून ब्लॅक बॅरन्सला मिळे. बॅरन्सच्या सामन्याला काळ्या प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या, दूरच्या उघड्या बाकांवर बसावे लागे. ब्लॅक बॅरन्सच्या सामन्याला मुख्य सज्जा काळ्या प्रेक्षकांचा असे, आणि गोरे प्रेक्षकही येत. त्यांच्यासाठी वेगळा भाग राखलेला असे. रविवारी चर्च सुटले की माणसे ठेवणीतल्या कपड्यांतच मैदानावर येत. सॅचेल पेजसारखा पिचर (आपल्या भाषेत गोलंदाज) १९२७ ते १९३० या काळात त्यांनी येथेच पाहिला.

हे विभाजन केवळ रूढीचे नव्हते, ते कायद्यात लिहिलेले होते. बर्मिंगहॅमच्या नगर-अधिनियमानुसार गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींनी एकत्र खेळणे हा गुन्हा होता, आणि निषिद्ध खेळांच्या यादीत बेसबॉल, फुटबॉल यांच्या जोडीला फासे, डॉमिनोज आणि चेकर्स हेही होते. दोन माणसांनी ओसरीवर पट मांडून बसणेसुद्धा शासनाला धोक्याचे वाटत होते, यावरून त्या व्यवस्थेची भीती किती खोल होती हे कळते. १९५४ च्या आरंभी नगर-आयुक्तांनी बेसबॉल आणि फुटबॉलपुरती ही बंदी सैल केली. त्याच वर्षी जूनमध्ये मतदारांनी सार्वमताने ती परत आणली. मधल्या काळात, मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. जूनचे मतदान हे त्या निकालाला मिळालेले उत्तरही होते.

आणखी एक नाव येथे घ्यायलाच हवे: यूजीन ‘बुल’ कॉनर. १९६३ च्या मे महिन्यात केली इनग्रॅम पार्कजवळ शाळकरी मुलांवर पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडणारा पोलीस-आयुक्त म्हणून जग त्याला ओळखते. पण बर्मिंगहॅमला तो आधी ठाऊक झाला तो रेडिओवरचा बेसबॉल-निवेदक म्हणून. तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून दूरच्या सामन्याचे वर्णन रंगवून सांगण्यात तो वाकबगार होता. त्या लोकप्रियतेवर तो १९३४ साली विधिमंडळात गेला आणि १९३७ मध्ये आयुक्त झाला. न पाहिलेला खेळ पाहिल्यासारखा सांगणे ही त्याची कला. राजकारणात ती वाया गेली नाही.

रिकवुडच्या इतिहासातले सर्वांत मोठे वर्ष मात्र १९४८. ब्लॅक बॅरन्सचा खेळाडू-व्यवस्थापक होता पायपर डेव्हिस, आणि त्याने संघात घेतलेला सतरा वर्षांचा पोरगा होता विली मेज. जवळच्याच वेस्टफील्डचा, अजून शाळेत जाणारा. त्या वर्षी निग्रो लीगच्या अखेरच्या जागतिक मालिकेत ब्लॅक बॅरन्सची गाठ होमस्टेड ग्रेज या संघाशी पडली. मालिका ग्रेजने जिंकली. ब्लॅक बॅरन्सने जिंकलेला एकुलता एक सामना रिकवुडवरचा. त्यात विजयी पिचर होता बिल ग्रीसन आणि विजयी धाव आली मेजच्या फटक्यावर.

गोरे बॅरन्स तेव्हा बोस्टन रेड सॉक्सशी संलग्न होते. म्हणजे बोस्टनला हा मुलगा आपल्याच उपसंघाच्या मैदानावर खेळताना दिसत होता. त्यांनी त्याला घेतले नाही. १९५० साली पायपर डेव्हिसला मात्र त्यांनी आपल्या एका दुय्यम संघात घेतले आणि तो फलंदाजीत संघात आघाडीवर असताना काही आठवड्यांत घरी पाठवले. कारण दिले काटकसरीचे. मेजला त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने उचलले. बोस्टनच्या मुख्य संघात पहिला काळा खेळाडू उतरायला १९५९ साल उजाडावे लागले.

जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिनकडून खेळू लागला आणि निग्रो लीगचा शेवट सुरू झाला. उत्तम खेळाडू निघून गेले, पाठोपाठ प्रेक्षक गेले. मोठ्या लीगने यांतील बहुतेक संघांना खेळाडूंची वाजवी किंमतही मोजली नाही. एका समाजाने अपमानाच्या चौकटीत उभी केलेली संस्था तो अपमान हटताना मोडली. म्हणून हळहळणारे लेखन अमेरिकेत पुष्कळ आहे. ती हळहळ आम्हांला समजते, तरी आम्ही तीत पूर्ण सामील होऊ शकत नाही. ब्लॅक बॅरन्सच्या रविवारांचे वैभव खरे होते. पण पायपर डेव्हिसचे उमेदीचे दिवस त्यात खर्ची पडले, हेही तितकेच खरे.

मराठी वाचकाला येथे पळवणकर बंधू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात सरावापुरता चेंडू टाकणारा पळवणकर बाळू हिंदूंच्या संघाचा आधार झाला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चहा त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात मिळे, आणि कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. विठ्ठलचे ‘माझे क्रीडा-जीवन’ प्रसिद्ध झाले तेही १९४८ सालीच. साम्य ओढूनताणून आणू नये. बर्मिंगहॅमने काळ्यांना वेगळा संघ दिला, मुंबई-पुण्याने दलिताला संघात घेऊन वेगळे पात्र दिले. दोहोंतले अधिक क्रूर कोणते, यावर आमच्या गाडीत तासभर वाद झाला आणि तो मिटला नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेची आठवण मात्र चौघांनाही एकदमच झाली.

१९६१ च्या हंगामानंतर गोऱ्या बॅरन्सनी खेळ बंद केला. मिश्र संघांना शहर खेळू देईना आणि विभक्त बेसबॉल आता कोणी चालवू देईना, असा तो पेच होता. १९६४ साली ते परतले ते मिश्र संघ घेऊनच. त्याच्या आदल्या वर्षी, १५ सप्टेंबर १९६३ रोजी, शहरातल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या होत्या. १९६७ मध्ये रिकवुडवर खेळलेल्या रेगी जॅक्सन या तरुण काळ्या खेळाडूला तेव्हाही खानावळी आणि हॉटेले दार उघडत नव्हती. तो सहकाऱ्याच्या घरी कोचावर झोपे.

१९८७ नंतर बॅरन्स उपनगरातल्या नव्या मैदानावर गेले. रिकवुड पाडले गेले नाही, याचे श्रेय १९९२ साली पुढे आलेल्या स्थानिक मंडळींना. आज तेथे छपरावरून मैदानाकडे झुकलेले १९३६ चे दिव्यांचे मनोरे दिसतात आणि भिंतीवर जुन्या धाटणीच्या रंगीत जाहिराती. त्या पाहून आम्ही हरखलो होतो. मग कळले की अशा जाहिरातींची परंपरा १९९४ च्या ‘कॉब’ या चित्रपटाच्या चित्रीकरणापासूनची आहे. जुनेपण असे परत आणता येते. उजवीकडचे ते दूरचे बाक मात्र कोणी पुन्हा बांधले नाहीत.

२०२० च्या डिसेंबरात मेजर लीगने १९२० ते १९४८ मधील सात निग्रो लीगना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. विली मेजच्या खाती १९४८ चे दहा फटके जमा होऊन बेरीज ३,२९३ झाली. पाठोपाठ २० जून २०२४ रोजी रिकवुडवर मेजर लीगचा पहिला अधिकृत सामना झाला. मेज दोनच दिवस आधी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, वारला होता. प्रक्षेपणात उत्सवी सूर अपेक्षित असताना रेगी जॅक्सनने १९६७ चे ते दिवस, कोणते शब्द ऐकावे लागले यांसह, जसेच्या तसे सांगितले. समारंभाचा पहिला चेंडू टाकला तो १९४८ च्या त्या एकमेव विजयाचा पिचर बिल ग्रीसन याने. तो तेव्हा नव्याण्णव वर्षांचा होता.