केस पेपर कोणाचा?

सरकारी दवाखान्यात निघालेल्या माणसाच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात घडीवर फाटायला आलेले केस पेपर, रक्त-लघवीच्या तपासणीचे कागद, एखादी क्ष-किरण फिल्म. आपल्याकडे बाह्यरुग्णाचा कागद बहुतेक वेळा असा रुग्णाबरोबर घरी जातो. त्यावरचे अक्षर लागत नाही, मजकूर इंग्रजीत असतो, हा भाग निराळा. अमेरिकेत नेमके उलट होते. तेथे फाइल दवाखान्याच्या कपाटात राही आणि रुग्ण रिकाम्या हाताने घरी जाई. ही फाइल रुग्णाने पाहावी की नाही, हा वाद तेथे अनेक दशके चालला. आज ती फाइल संगणकाच्या पडद्यावर आली आहे. त्या पडद्याला ‘पेशंट पोर्टल’ म्हणतात. रुग्णाने आपल्या नावाने आणि परवलीच्या शब्दाने आत जायचे, तपासण्यांचे आकडे पाहायचे, औषध पुन्हा मागवायचे, डॉक्टरांना निरोप धाडायचा. आम्हाला येथे रस आहे तो ही सोय गरिबांच्या दवाखान्यांत पोचली कशी, यात.

आधी या दवाखान्यांविषयी. जॅक गायगर हा वैद्यकाचा अमेरिकन विद्यार्थी १९५७ साली दक्षिण आफ्रिकेत गेला. नाताल प्रांतातील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याने १९४० साली आरोग्य केंद्र सुरू केले होते. औषधाच्या बाटलीइतकेच महत्त्व तेथे भाजीच्या वाफ्याला आणि संडासाला होते. गायगरने हा धडा घरी नेला. १९६५ साली काउंट गिब्सन या सहकाऱ्याबरोबर त्याने बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत असे केंद्र उघडले आणि मग मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे दुसरे. माउंड बायूचे डॉक्टर कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून देत. त्याचा खर्च औषधांच्या खात्यावर पडू लागला तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. कुपोषणावर पुस्तकात सांगितलेला उपचार अन्न हाच आहे, असे गायगरचे उत्तर होते. आज अमेरिकेत अशा सुमारे १,४०० संस्था आहेत आणि त्या ३ कोटींहून अधिक लोकांवर उपचार करतात. त्यांच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद त्या केंद्राचे रुग्णच असले पाहिजेत, असे कायदा सांगतो. संस्था चालवणारा रुग्ण, पण त्याचीच फाइल मात्र कपाटात!

फाइल उघडण्याची भाषा प्रथम डॉक्टरांकडूनच आली. १९६८ साली लॉरेन्स वीड यांनी एका लेखात दाखवले की रुग्णाच्या नोंदी म्हणजे सुट्या टिपणांचा ढीग झाला आहे. त्यांची सूचना साधी होती. रुग्णाच्या तक्रारींची क्रमवार यादी करावी आणि प्रत्येक तक्रारीखाली रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसले, निष्कर्ष काय, पुढे काय करायचे, हे वेगवेगळे लिहावे. प्रयोगवही लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. नोंद अशी लावली की ती दुसऱ्यालाही वाचता येते. मग रुग्णाला का नको? १९७३ साली शेन्किन आणि वॉर्नर या दोघांनी तेच विचारले. नोंदींची प्रत रुग्णाला न मागता द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. रुग्ण घाबरेल, गैरसमज करून घेईल, कोर्टात जाईल, असे आक्षेप अशा सूचनांवर पुढे वर्षानुवर्षे येत राहिले. ‘गोपनीय अहवाल’ हा शब्द ज्यांनी नोकरीत अनुभवला आहे, त्या शिक्षकांना या युक्तिवादाची चव सांगायला नको.

योगायोग असा की १९९६ साली दोन्ही देशांत पाऊल पडले. मागणी झाल्यावर रुग्णालयाने रुग्णाला कागदपत्रे दिलीच पाहिजेत, गोपनीयतेची सबब त्याच्याविरुद्ध चालणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला. पुढे २००२ च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याखालचे नियम २००३ साली लागू झाले आणि फाइल पाहण्याचा हक्क देशभर मिळाला. तोवर तेथील काही मोठ्या रुग्णालयांनी पोर्टल सुरूही केले होते. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचे पोर्टल २००० सालचे आहे.

डॉक्टरांनी लिहिलेले टिपण जसेच्या तसे रुग्णाला दाखवले तर काय होते, हे २०१० साली प्रयोगाने पाहिले गेले. तीन ठिकाणचे १०५ डॉक्टर त्यात सामील झाले. ज्यांची टिपणे उपलब्ध होती अशा १३,५६४ रुग्णांपैकी ११,७९७ जणांनी, म्हणजे सुमारे ८७ टक्क्यांनी, निदान एक टिपण उघडले. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टराने माघार घेतली नाही. पण या ८७ टक्क्यांच्या पोटात काय होते? बॉस्टनमध्ये ८४, ग्रामीण पेनसिल्व्हेनियात ९२ आणि सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात ४७. हार्बरव्ह्यू हे गरिबांना आधार देणारे रुग्णालय. सरासरी किती झाकते, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

यावर चटकन सुचणारे उत्तर म्हणजे गरिबाकडे संगणक नाही, त्याला तो चालवता येत नाही. हे काही अंशी खरे असेलही. पण न्यूयॉर्कमधील लोक-आरोग्य केंद्रांच्या एका साखळीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तो वेगळेच दाखवतो. खाते उघडायला एक संकेतांक लागे. दुसऱ्याची फाइल कोणी उघडू नये म्हणून हा अंक आधी दवाखान्याने रुग्णाला द्यायचा असतो. अभ्यासात ७४,३६८ प्रौढ रुग्ण होते. संकेतांक मिळाला १६ टक्क्यांना, आणि ज्यांना तो मिळाला त्यांतल्या ६० टक्क्यांनी खाते उघडले.

येथे फळ्यावर गुणाकार करावा. शंभरातील १६ जणांना अंक, त्यांचे ६० टक्के म्हणजे साडेनऊच्या आसपास. शंभरातील नव्वदजण बाहेर राहिले. त्यांपैकी चौऱ्याऐंशी पहिल्याच चाळणीत अडकले, आणि ही चाळणी रुग्णाच्या हातात नव्हती, दवाखान्याच्या होती! सर्वांना अंक दिला असता तर साठजणांनी खाते उघडले असते, असे मात्र म्हणता येणार नाही. दीर्घ आजार असलेल्यांना अंक मिळण्याची शक्यता अधिक होती, आणि पोर्टलची गरजही त्यांनाच अधिक. निवडलेल्यांवरून न निवडलेल्यांचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. दुसरी चाळणीही होतीच. खाते उघडलेल्यांत पुन्हा पुन्हा येणारे कोण? गोरे, इंग्रजी बोलणारे आणि विमा असलेले यांचे प्रमाण अधिक होते. वर्णाचा फरक लहान होता, पण भाषा, विमा आणि प्रकृती यांचा हिशेब वजा केल्यावरही तो उरला.

सरकारनेही आकड्याची सक्ती करून पाहिली. २००९ च्या कायद्याने दवाखान्यांना संगणकीय नोंदींसाठी अनुदान दिले. पुढे अट आली की ५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी आपल्या नोंदी प्रत्यक्ष पाहिल्या पाहिजेत. शंभरात पाच! डॉक्टरांनी तक्रार केली की रुग्णाने पडदा उघडला नाही तर दंड आम्हाला का? २०१५ साली ही अट शिथिल झाली. नवा आकडा होता निदान एक रुग्ण.

५ एप्रिल २०२१ पासून चक्र उलट फिरले आहे. २०१६ च्या कायद्याखालील नियमांनुसार आता विनाकारण नोंदी अडवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे तपासणीचा निकाल तयार झाला की तो पोर्टलवर येतो, कधी कधी डॉक्टरांच्या आधी. कॅन्सरच्या गाठीचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी फोनवर उघडतो आणि दवाखाना उघडतो सोमवारी. एकाच्या घरात तो अहवाल समजावून सांगणारी डॉक्टर बहीण असते. दुसरा स्पॅनिश बोलणारा, त्याच्यासमोर इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी असतात, आणि त्या वाचून दाखवायला शाळेतून आलेली मुलगी.