नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा जीर्णोद्धार

१९७८ सालीं जपानांतील ताइतो कंपनीनें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नांवाचें खेळाचें एक यंत्र बाजारांत आणिलें. नाणें टाकावें आणि पडद्यावर वरून खालीं सरकत येणाऱ्या ५५ परग्रहवासी शत्रूंना खालच्या तोफेनें टिपावें, एवढाच त्या खेळाचा विस्तार. परंतु खेळणाऱ्याच्या लवकरच ध्यानांत येई कीं, शत्रु जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक त्वरेनें धांवूं लागतात. खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनीं ही त्वरा आरंभीं मुद्दाम योजिलेली नव्हती. पडद्यावर चित्र सेकंदाला सुमारें ६० वेळां उमटे, आणि यंत्रांतील इंटेल ८०८० हा प्रोसेसर दर खेपेस एकाच शत्रूला हलवी. त्यामुळें साऱ्या सैन्यास एक पाऊल सरकावयाला जवळजवळ एक सेकंद लागे. दहाच उरले कीं तेंच काम सेकंदाच्या सहाव्या हिश्शांत उरके. यंत्राचा दुबळेपणा हाच खेळाचा प्राण ठरला, आणि निशिकादो यांनीं तो तसाच राहूं दिला.

अशीं यंत्रें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. त्या काळीं बहुतेक खेळांचा बोर्ड निराळा, त्यावरील चिपांची जुळणी निराळी. १९७२ सालीं अ‍ॅलन अल्कॉर्न यांनीं अटारी कंपनीकरितां रचलेल्या ‘पाँग’मध्यें तर प्रोसेसरहि नव्हता आणि लिहिलेली आज्ञावलीहि नव्हती, चेंडू, फळ्या आणि गुणांचे आंकडे सारे चिपांच्या जोडणींतूनच उमटत. असा बोर्ड एकदां बिघडला आणि त्यावरची चिप मिळेनाशी झाली कीं खेळ संपला.

या नाशाला पहिला मोठा बांध घातला तो इटलीचे निकोला साल्मोरिया यांनीं. १९९७ सालीं त्यांनीं ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांतील आज्ञा एकेक वाचून साधा घरगुती संगणक त्या यंत्राचें सोंग कसें वठवूं शकतो, हें तिनें दाखविलें. तिचे उपकार मोठे आहेत. पण सोंगाला एक अडचण असते. मूळ बोर्डावर प्रोसेसर, चित्राचें मंडल आणि आवाजाचें मंडल हीं एकाच ठोक्यावर, एकाच क्षणीं काम करीत. संगणकाला तें सारें एकामागून एक करावें लागतें, आणि मध्येंच त्याचीं इतर कामें आडवीं येतात. बटण दाबणें आणि पडद्यावर तोफ उडणें यांत त्यामुळें किंचित् विलंब पडूं शकतो. ज्या खेळांत जय-पराजय क्षणार्धावर ठरतो, तेथें हा विलंब सराईत हाताला लगेच जाणवतो.

यावर हौशी मंडळींनीं जो उपाय काढिला, त्याचें साधन भलत्याच कामासाठीं जन्मलें होतें. रॉस फ्रीमन हे ज्या झायलिंक्स कंपनीचे एक संस्थापक होते, तिनें १९८५ सालीं एक विलक्षण चिप विक्रीस काढिली. नेहमींच्या चिपेची आंतली जोडणी कारखान्यांतच कायमची ठरते. या चिपेंत मात्र ६४ तर्कघटक मोकळे ठेविलेले होते, आणि त्यांची जोडणी विकत घेणाऱ्यानें आपल्या इच्छेनुसार करावयाची होती. छापखान्यांत खिळे जुळवून आज एक पान छापावें, उद्यां तेच खिळे सोडवून दुसरें जुळवावें, तशीच ही सोय. या जातीच्या चिपेला फील्ड प्रोग्रामेबल गेट अ‍ॅरे, थोडक्यांत एफपीजीए म्हणतात. जुन्या बोर्डाची जुळणी तींत उतरविली कीं सोंगाचा प्रश्नच उरत नाहीं. सारीं मंडलें पूर्वींप्रमाणें एकाच ठोक्यावर चालतात.

२०१७ सालीं अलेक्सेइ मेल्निकोव्ह यांनीं ‘मिस्टर’ हा उपक्रम सुरू केला. नांवावरून कोणा सभ्य गृहस्थाची आठवण व्हावी; पण हा आहे विद्यार्थ्यांच्या व इंजिनियरांच्या प्रयोगासाठीं विकल्या जाणाऱ्या एका तयार बोर्डावर उभारलेला खेळांचा संग्रह. त्या बोर्डावरील चिपेंत तर्कघटकांची संख्या ६४ वरून सुमारें १,१०,००० वर गेलेली आहे. मंडलांची रचना सर्वांना खुली असते. खेळांच्या मूळ आज्ञावलीवर मात्र बहुधा कंपन्यांचा हक्क अजून कायम आहे.

खरी मेहनत असते ती पुढेंच. मूळ मंडल कसें होतें हें सांगणार कोण? झेड-८० सारख्या सर्वत्र विकल्या गेलेल्या प्रोसेसरची माहिती छापील मिळते. पण कंपन्यांनीं स्वतःपुरत्या घडविलेल्या चिपांचे नकाशे बाहेर आलेच नाहींत. तेव्हां एकादी चिप बळी द्यावी लागते. तिचें कवच आम्लानें विरघळवितात, आंतील पापुद्र्याचीं सूक्ष्मदर्शकांतून छायाचित्रें घेतात, आणि रेघ न् रेघ गिरवून मंडलाचा अर्थ लावितात. ताम्रपटाचें वाचन याहून फारसें निराळें नसावें. स्पेनचे होसे तेहादा यांनीं यामाहाच्या ध्वनिचिपांचीं व कॅपकॉम कंपनीच्या बोर्डांचीं मंडलें नव्यानें रचिलीं, तीं अशाच चिकाटीनें.

कॅपकॉमचीच एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९९३ सालच्या तिच्या ‘सीपीएस-२’ बोर्डावर आज्ञावली सांकेतिक लिपींत होती, आणि त्या लिपीची किल्ली एका बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत ठेविलेली होती. नक्कल करणाऱ्यांना आळा बसावा हा हेतु. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई, आणि प्रामाणिकपणें विकत घेतलेला बोर्डहि निकामी होई. चोरासाठीं लाविलेलें कुलूप धन्याच्याच घराला कायमचें बसावें, तसा हा प्रकार झाला. २००१ सालीं हौशी लोकांनीं प्रथम त्यांतील उलगडलेली आज्ञावली मिळविली, आणि २००७ सालीं ती लिपीहि उकलली गेली. तसें न होतें, तर हे खेळ बॅटरीबरोबरच गेले असते.

तरीहि एफपीजीए म्हटलें कीं हुबेहूब मूळच, हा जो डांगोरा कांहीं ठिकाणीं पिटला जातो तो खरा नव्हे. रचणाऱ्याला जेवढें ठाऊक, तेवढेंच चिपेला ठाऊक. आणि त्याचें पुष्कळसें ज्ञान ‘मेम’च्याच परंपरेंतून आलेलें असतें. मग हुबेहूब म्हणजे दोषांसह, हेंहि ओघानेंच आलें. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्यें २५६ व्या पातळीवर पातळी मोजणारा आंकडा आपल्या मर्यादेबाहेर जातो, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनीं भरून जातो. ती चूक दुरुस्त करणें सोपें आहे. जीर्णोद्धार करणारे ती जपतात.

कांहीं गोष्टी मात्र जुळणींत सहज उतरत नाहींत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे आवाज अंकगणितानें नव्हे, तर विद्युत्प्रवाहाच्या चढउतारानें निर्माण होत, एफपीजीएला तो चढउतार ठाऊक नसल्यामुळें मूळ यंत्राचे आवाज मुद्रित करून वाजविणें हाच सोपा मार्ग ठरतो. रंगाचेंहि तसेंच. मूळ चित्र निव्वळ काळेंपांढरें होतें, आणि पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून त्याला रंग दिलेला असे. म्हणून तोफेचा गोळा वर जातां जातां हिरव्याचा पांढरा होई. नव्या रचनेंत त्या पट्ट्यांची जागाहि मोजून मंडलांत लिहिलेली आहे, आणि गोळा अजून त्याच ठिकाणीं रंग बदलतो.