सत्त्याऐंशी टक्के : मिसिसिपी, १९६४

१९६४च्या मे महिन्याच्या अखेरीस राममनोहर लोहिया अमेरिकेत, मिसिसिपी राज्याच्या राजधानीत जॅक्सनला होते. तिथल्या एका खानावळीत ते जेवायला गेले, तर रंगाकडे बघून त्यांना आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लोहिया आगाऊ कळवून पुन्हा त्याच दाराशी गेले, हलायला नकार दिला, आणि पोलिसांनी त्यांना गाडीत घालून नेलं. थोड्या वेळाने सोडूनही दिलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली तेव्हा लोहियांनी सुचवलं, की माफी मागायचीच तर अध्यक्षांनी ती स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागावी. नेहरू नेमके त्याच दिवसांत गेले. आपल्याकडे दुसऱ्या कशाकडे लक्ष जाण्याचा तो आठवडाच नव्हता.

यानंतर पाच महिन्यांनी, ३ नोव्हेंबरला, याच राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान केलं. देशभरात लिंडन जॉन्सन ६१ टक्के मतं मिळवून प्रचंड बहुमताने निवडून आले. मिसिसिपीत मात्र रिपब्लिकन पक्षाच्या बॅरी गोल्डवॉटरना ३,५६,५२८ मतं पडली आणि जॉन्सनना ५२,६१८. म्हणजे ८७.१४ टक्के विरुद्ध १२.८६. देशात इतरत्र कुठेही गोल्डवॉटरना याच्या जवळपासही जाता आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या ॲरिझोनात तर ते जेमतेम तरले. मिसिसिपीत याआधी जिंकलेला रिपब्लिकन उमेदवार होता युलिसिस ग्रँट, आणि ते साल होतं १८७२.

ब्याण्णव वर्षांत एकदाही न जिंकलेला पक्ष एकदम सत्त्याऐंशी टक्क्यांवर जातो, याला आपण लाट म्हणू. पण जुने आकडे शेजारी ठेवले की लाट ओसरते. १९३६ साली याच राज्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्टना सुमारे ९७ टक्के मतं दिली होती. १९४८ साली ट्रुमन यांनी नागरी हक्कांची भाषा सुरू करताच राज्याने त्यांची साथ सोडली आणि वंशभेदाचं उघड समर्थन करणाऱ्या स्ट्रॉम थर्मंडना मतं दिली. किती? ८७.१७ टक्के. सोळा वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या पक्षांच्या दोन वेगळ्या उमेदवारांना, एका टक्क्याचाही फरक नाही. मधे १९६०ला तर केनेडी नको आणि निक्सनही नको म्हणून कुणालाच न बांधलेले निर्वाचक निवडून दिले गेले, आणि त्या आठही जणांनी व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं. बर्ड निवडणुकीत उमेदवारही नव्हते. पक्ष येत-जात होते, मतदार तेच होते. ते तेच राहावेत याची व्यवस्था मात्र फार काळजीपूर्वक केलेली होती.

व्यवस्था १८९०च्या राज्यघटनेतली. यादवी युद्धानंतर काळ्यांना मताधिकार मिळाला होता. मिसिसिपीने हायरम रेव्हल्स आणि ब्लँच ब्रूस हे दोन कृष्णवर्णीय सिनेटर वॉशिंग्टनला पाठवले होते. १८७५ साली बंदुकीच्या धाकाने ते पर्व संपवण्यात आलं, आणि पंधरा वर्षांनी त्या धाकाला कायद्याचं रूप देण्यात आलं. रंगाचा शब्दही न काढता. दर वर्षी दोन डॉलरचा मतदान-कर भरायचा, आणि राज्यघटनेचं कलम वाचता आलं पाहिजे किंवा वाचून दाखवलेल्या कलमाचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा कारकून. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली यात काही गैर नसल्याचा निर्वाळा दिला. पुढे १९५०च्या दशकात कलम वाचणंही हवं आणि अर्थ लिहिणंही हवं, असं झालं. १९६२मध्ये त्यात भर पडली : अर्ज करणाऱ्याचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचं. कुणाला कामावरून काढायचं, कुणाच्या घराकडे रात्री गाडी न्यायची, याची यादी आयतीच.

इथे आपल्याला आपलं आठवतं. सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा निरक्षरांच्या हाती मत देणं हा अनेकांना वेडेपणा वाटत होता. १९५१-५२ साली आपल्याकडे पहिलं सार्वत्रिक मतदान झालं तेव्हा देशात साक्षर होते शंभरात अठरा. त्यांच्यासाठी मतपेट्यांवर चित्रं लावली गेली. मिसिसिपीत प्रश्न साक्षरतेचा नव्हताच. निरक्षर गोऱ्यांची नावं यादीत चढत होती.

रूलव्हिल गावातल्या फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी आणखी सतरा जणांबरोबर एका जुन्या बसने इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेल्या. वय ४४. कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षं काम केलेलं. आपल्याला मत देता येतं हे त्यांना काही दिवसांपूर्वी चर्चमधल्या एका सभेत कळलं होतं. त्या सभेत बोलणाऱ्यांपैकी एक जेम्स बेव्हल. बेव्हल यांनी अहिंसक प्रतिकाराचे धडे नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन यांच्याकडे घेतले होते, आणि लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम करताना गांधी वाचत होते. नागपुराहून रूलव्हिलला जायची ही वाट कुणी आखलेली नव्हती.

परीक्षेत हेमरबाईंना पूर्वलक्षी प्रभावाच्या कायद्यांबद्दलचं कलम आलं. चांगले वकील अडखळतील असं. त्या नापास झाल्या. परतताना बस अडवण्यात आली, कारण काय तर बसचा रंग जास्त पिवळा आहे. घरी पोचतात तो मळ्याचा मालक : अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला. जानेवारी १९६३मध्ये नाव यादीत आलं, तरी मत देता येईना. आधीच्या दोन वर्षांच्या कराच्या पावत्या लागत. त्या जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना असं मारण्यात आलं की मूत्रपिंडाची इजा जन्मभर राहिली.

१९६४चा उन्हाळा बहुतेकांना माहीत असतो तो तीन तरुणांमुळे. चेनी, गुडमन आणि श्वेर्नर हे नोंदणीच्या कामातले कार्यकर्ते २१ जूनला नेशोबा काउंटीत नाहीसे झाले आणि ४ ऑगस्टला त्यांची प्रेतं मातीच्या धरणाखाली सापडली. त्यांचा शोध चालू असताना, २ जुलैला, जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. लोहियांना ज्या दारात अडवलं होतं ते दार या कायद्याने उघडलं. गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं होतं. माणूस व्यक्तिशः वर्णद्वेष्टा नव्हता, १९५७ आणि १९६०च्या हक्कविधेयकांना त्यांचा पाठिंबा होता. खासगी मालकाला कुणाला वाढावं हे सरकारने सांगू नये, एवढाच घटनात्मक आक्षेप असल्याचं ते म्हणत. मिसिसिपीत त्यांचा घटनात्मक आक्षेप कुणी वाचत बसलं नाही. मत वाचलं.

ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात हेमरबाई आणि त्यांचा फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष राज्याच्या गोऱ्या प्रतिनिधींच्या जागा मागायला पोचला. त्या विनोनाबद्दल बोलत असताना, त्यांच्यावरचे कॅमेरे दुसरीकडे वळावेत म्हणून जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली. तडजोड म्हणून पक्षाने दोन जागा देऊ केल्या. दक्षिण दुखावेल ही भीती. त्या जागा बाईंच्या पक्षाने नाकारल्या, गोरे प्रतिनिधीही बहुतेक रुसून घरी गेले, आणि दक्षिण दुखावली ती दुखावलीच. जॉन्सन यांच्या राजकीय चतुराईचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आता तो आकडा पुन्हा बघू. १९६०च्या जनगणनेनुसार मिसिसिपीत ४२ टक्के लोक काळे होते, आणि मतदानाच्या वयाचे काळे सुमारे ४ लाख २२ हजार. त्यांपैकी यादीत नावं होती शंभरात सातांचीही नाही. राज्यातले एकूण प्रौढ सुमारे ११ लाख ७० हजार. नोव्हेंबरमध्ये मत दिलं ४ लाख ९ हजारांनी. सत्त्याऐंशी टक्के म्हणजे प्रत्यक्षात राज्यातल्या दर दहा प्रौढांपैकी तीन.

उरलेल्यांतल्या काहींनी आपली निवडणूक स्वतःच घेतली. अधिकृत मतपत्रिकेवर जागा न मिळालेल्या फ्रीडम पक्षाने नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चमधून, दुकानांतून आपल्या मतपत्रिका वाटल्या. काँग्रेसच्या जागेसाठी हेमरबाईंना ३३,००९ मतं पडली, विद्यमान सदस्य जेमी व्हिटन यांना ५९. या मतांना कायद्याने किंमत शून्य. तरीही हेमरबाई आणि त्यांच्या दोन सहकारी ती घेऊन वॉशिंग्टनला गेल्या, आणि मिसिसिपीच्या सदस्यांची निवड रद्द करा म्हणून त्यांनी सभागृहाला आव्हान दिलं. सप्टेंबर १९६५मध्ये ते २२८ विरुद्ध १४३ मतांनी फेटाळलं गेलं. पण १४३ जणांना हात वर करावे लागले. महिनाभर आधी मताधिकार कायदा झालेला होता. १९६७पर्यंत यादीतल्या काळ्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेलं.

१९७६च्या निवडणुकीत उत्तररात्री निकाल अडून बसला होता. मिसिसिपीची सात मतं जिमी कार्टर यांच्या पारड्यात पडली आणि त्यांचं बहुमत पुरं झालं. राज्यातली आघाडी पंधरा हजारांहूनही कमी होती. हेमरबाई पुढच्या मार्चमध्ये वारल्या.

१९८०च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रेगन नेशोबा काउंटीच्या जत्रेत भाषणाला आले. तिघांना मारलं होतं तीच काउंटी. तिथे त्यांनी राज्यांच्या हक्कांवरचा आपला विश्वास सांगितला, आणि नोव्हेंबरमध्ये मिसिसिपी थोडक्यात जिंकलं. तिथून पुढे ते राज्य डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलेलं नाही.