पहिलटकरणीच्या उशाशी

पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरी सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो. या भेटीचे आपण रोझरीत मनन करतो. पण एलिझाबेथ ही उतारवयातील पहिलटकरीण होती, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. पहिल्या बाळंतपणात स्त्रीला जाणत्या सोबतीची गरज असते. ही सोबत देण्याची मोकळीक आपल्या व्रतस्थ भगिनींना मात्र १९३६ सालापर्यंत नव्हती.

सुईणीवर ख्रिस्तसभेचा विश्वास नव्हता, असे नाही. निकडीच्या प्रसंगी स्नानसंस्कार कसा द्यावा, हे श्रद्धावंतांना, विशेषतः सुईणी व वैद्यांना, नीट शिकवण्याची जबाबदारी १९१७ च्या धर्मसंहितेतील ७४३ व्या कलमाने धर्मगुरूवर सोपवली होती. नाळ कापणाऱ्या हातांनी संस्कारही द्यावा, हे मान्य होते. परंतु ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या भगिनीने बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, असा दंडक होता.

त्याची किंमत रावळपिंडीच्या पडदानशीन स्त्रियांनी मोजली. पुरुष डॉक्टरला त्यांच्या खोलीत प्रवेश नव्हता आणि भगिनींना प्रसूती करण्याची अनुज्ञा नव्हती. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन यांनी त्या शहरी स्त्रियांसाठी सेंट कॅथरिन रुग्णालय उभे केले आणि हा निर्बंध उठावा म्हणून रोमला विनवण्या केल्या. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या. दार बंदच राहिले.

त्यांची प्रेरणा घेतलेली टायरॉलची तरुणी ॲना डेंगेल आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यक शिकून १९२० मध्ये रावळपिंडीला आली. उपचारांअभावी दगावणाऱ्या माता तिने डोळ्यांनी पाहिल्या. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे तिने मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. वैद्यकीय सेवा सोडायची नाही, या निर्धारापायी त्या भगिनी अकरा वर्षे जाहीर व्रतांवाचून राहिल्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ‘कॉन्स्तान्स आक सेदुला’ हा आदेश काढून भगिनींना वैद्यक व प्रसूतिसेवेची वाट मोकळी केली.

या संघाने १९४४ मध्ये न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे कॅथलिक मॅटर्निटी इन्स्टिट्यूट सुरू केली. तेथे परिचारिका-सुईणींचे शिक्षण होई आणि गरीब स्पॅनिशभाषी स्त्रियांची बाळंतपणे सुईणींच्या देखरेखीखाली होत. आर्थिक अडचणींमुळे १९६९ मध्ये ती संस्था बंद पडली; तिच्यामागची दृष्टी मात्र जुनी झाली नाही.

पहिलटकरणीच्या कळा दीर्घ काळ चालतात. भीतीने अंग आखडते, आणि घाई करणाऱ्यांना तो उशीर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की पहिल्या खेपेस कळांचा जोराचा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो. गर्भाशयाचे मुख दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा नियम सर्वांना लावू नये. उशाशी बसून धीर देणे, हिंडूफिरू देणे, बाळाचे ठोके ऐकत राहणे आणि धोक्याची चाहूल लागताच डॉक्टरांना बोलावणे, हीच सुईणीची विद्या. त्याच वर्षी भारत सरकारनेही प्रशिक्षित सुईण-परिचारिकांच्या सेवेचे धोरण आखले.

१९८३ च्या धर्मसंहितेत स्नानसंस्काराचे शिक्षण देण्याचे धर्मगुरूचे कर्तव्य कायम आहे. सुईणीचा उल्लेख मात्र त्या कलमातून गेला आहे. संहितेतून शब्द गेला, तरी पहिलटकरणीची गरज गेलेली नाही. आपल्या धर्मग्रामातील एखादी तरुणी परिचर्या शिकावयास निघाली, तर सुईणीचे काम हे कमी प्रतीचे नव्हे, हे तिला सांगणारे कोणीतरी असावे. ते दार उघडण्यासाठी दोन स्त्रियांनी आपली आयुष्ये वेचली आहेत.