विरघळलेला पुरावा

आजीला लोहाची गोळी घेताना ठसका लागला. "आजी, पाणी पी," म्हणून आम्ही विषय संपवला. मग महिनाभर खोकला. शेवटी दुर्बिणीने तपासलं तेव्हा कळलं, की गोळी श्वासनलिकेत गेली होती. त्या दुर्बिणीचा इतिहास मी तेव्हापासून वाचतोय.

१८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये ६३ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत हाड अडकलं. गुस्टाफ किलियान या डॉक्टरांनी कोकेनने त्याचा घसा बधिर केला, एक सरळ, ताठ नळी आत घातली आणि छाती न उघडता ते हाड बाहेर काढलं. हाड होतं उजव्या शाखेत. ही शाखा डावीपेक्षा रुंद आणि जास्त उभी असते, त्यामुळे वाट चुकलेली वस्तू बहुधा तिकडेच घसरते.

पुढे अमेरिकेत शेव्हेलिअर जॅक्सन यांनी हे तंत्र घडवलं. रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि फुप्फुसांतून काढलेली प्रत्येक वस्तू ते नोंद करून जपून ठेवत. फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममध्ये त्यांच्या अशा २,३७४ वस्तू आहेत: सेफ्टी पिना, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे. १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी दुर्बीण आणली आणि म्हाताऱ्या माणसांची तपासणी खूपच सुसह्य झाली.

पण त्या खणांत राहते ती टिकणारी वस्तू. गोळी टिकत नाही. लोहाची गोळी ओल्या श्वासनलिकेत विरघळते आणि आतलं अस्तर भाजल्यासारखं जाळते. पुढे तिथली वाट अरुंदही होऊ शकते. मात्र तोवर एक्स-रेत दिसायला काहीच उरलेलं नसतं. वयानुसार, किंवा पक्षाघात, पार्किन्सन झाल्यावर गिळणं मंदावतं, खोकून बाहेर टाकायची ताकदही कमी होते. मग सगळ्यांना वाटतं, म्हातारपणचा खोकला आहे.

आमच्या कामात लॉग पुसला गेला, तर ज्याच्यासमोर गडबड झाली त्यालाच विचारावं लागतं. इथेही तसंच. आजीच्या अस्तराचा तुकडा तपासला, तेव्हा रंग टाकल्यावर त्यातलं लोह निळं दिसलं. पण डॉक्टरांनी तो तुकडा घेतला, कारण आजीने त्यांना सांगितलं होतं, "त्या गोळीपासनंच सुरू झालंय."

आम्हालाही तिने हेच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.