‘टू-टू’ची कुळकथा

स्काउटच्या उन्हाळी छावणीतून परतलेली मुले “आपणही एक टू-टू रायफल घेऊ या” असा हट्ट धरतात, आणि आईबाबांच्या पोटात गोळा येतो. मंडळातल्या एकदोन घरांतून हा प्रश्न आमच्यापर्यंत आला. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, तेव्हा बंदुकीआधी काडतुसाकडे वळतो. पहिली रायफल कशी असावी, याचे बरेचसे उत्तर तिथेच आहे.

1845 साली पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने बार उडवण्याच्या टोपीतच छोटी गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच! लोक चक्क दिवाणखान्यात नेमबाजी करू लागले. 1857 मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यात थोडी काळी दारू घालून ‘.22 शॉर्ट’ काढले. या काडतुसाच्या बुडाची कडा पोकळ असते आणि स्फोटक मसाला त्या कडेत भरलेला असतो. कडेवर ठोका बसला की बार उडतो. ठोक्याने दबावी म्हणून कडा पातळ ठेवावी लागते, आणि पातळ कडेला फार दाब सोसत नाही. त्यामुळे ही जात कायम लहान, स्वस्त आणि खांद्याला धक्का न देणारी राहिली. 1887 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने सुमारे 2.6 ग्रॅम गोळीचे ‘.22 लाँग रायफल’ आणले. नवशिक्याच्या हाती आजही तेच काडतूस येते.

आता आमचा आवडता भाग. पूर्वीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ! ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि नळी गंजते. काळ्या दारूच्या काळी लोक नळी पाण्याने धूत, त्यात हे मीठही वाहून जाई. धूर न करणारी दारू आली, नळी वरून स्वच्छ दिसू लागली, धुणे थांबले आणि गंज वाढला. 1926-27 च्या सुमारास रेमिंग्टनने न गंजवणारी ‘क्लीनबोअर’ काडतुसे काढली, पुढे लेड स्टिफ्नेटचा मसाला रूढ झाला. तेव्हा आजोबांच्या काळातली रायफल स्वस्तात मिळत असेल, तर बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आत खड्डे दिसले तर सोडून द्यावी. आणि मसाल्यात व गोळीतही शिसे असते, म्हणून नेमबाजीनंतर हात धुतल्याशिवाय मुलांना खाऊ देऊ नये.

विंचेस्टरने 1900 साली ब्राउनिंगच्या आराखड्यावरून एकबारी रायफल काढली. बोल्ट मिटल्यावर मागची मूठ वेगळी ओढल्याशिवाय ती उडत नसे. पुढे 1960 ची मार्लिन 60, 1964 ची रूगर 10/22 अशा आपोआप भरणाऱ्या रायफली आल्या. त्या उत्तम आहेत, पण आमचे मत एकबारीच्याच बाजूने आहे. दर गोळीला थांबावे लागते, आणि शेजारी उभ्या मोठ्या माणसाला रायफल भरलेली आहे की नाही ते दिसते. दस्ता मापाचा हवा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवले, की बोट चापापर्यंत सहज पोचले पाहिजे.

‘लहान’ या शब्दाने मात्र फसू नये. गोळ्यांच्या खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना असते. 2013 मध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलाकडून मुलांसाठीच्याच रायफलीने दोन वर्षांची बहीण गेली. रायफल कोपऱ्यात उभी होती, रिकामी आहे अशी घरच्यांची समजूत होती. कुलूपबंद कपाट आणि गोळ्या वेगळ्या ठेवायची सोय नसेल, तर खरेदीचा विषयच काढू नये.

खरे तर आधी क्लब गाठावा. बोअर युद्धात नेमबाजीची उणीव जाणवल्यावर इंग्लंडात लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने 1901 पासून कामगारांचे रायफल क्लब निघाले, ते याच काडतुसावर चालले. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले, तेही ‘टू-टू’नेच. पन्नास मीटरवरच्या त्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका 10.4 मिलिमीटरचा, म्हणजे कुंकवाच्या टिकलीएवढा!

एक कायद्याची गोष्ट. 1968 च्या कायद्याने परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालच्यांना रायफल विकू शकत नाही. 1998 पासून एच-वन, एच-फोर, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. ग्रीनकार्डवाल्यांना हा अडसर नाही, पण राज्याराज्याचे नियम निराळे. तेव्हा व्हिसावरच्या कुटुंबांनी क्लबातली रायफल हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारावे.