गाविलगडाची उत्तर बाजू

चिखलदऱ्याला समुद्र नाही, पण पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी ते थेट बेटासारखे दिसते. खालचे अचलपूर-परतवाड्याचे मैदान ढगांखाली गडप झालेले असते आणि अकराशे मीटरांहून उंच असलेले हे पठार तेवढे वर उरते. वस्ती पाचेक हजारांची. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणून शाळेच्या भूगोलात त्याला एक ओळ मिळते, आणि येथे कॉफी होते एवढी आणखी अर्धी ओळ. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका शनिवार-रविवारी आम्ही तिघे येथे राहिलो, ते याच गावात लहानाचा मोठा झालेल्या आणि आता परतवाड्यात शाळेत शिकवणाऱ्या एका मित्राच्या भरवशावर. त्याची एक सवय पहिल्याच दिवशी ध्यानात आली. देवी पॉइंट असो की मोझरी पॉइंट, आम्ही पाहुणे कठड्याला टेकून दरी न्याहाळत असताना तो आमच्याकडे पाठ करून, जंगलाच्या बाजूला तोंड करून उभा असे. दरी त्याने पुष्कळ पाहिली असेल हे खरे. पण कारण तेवढेच नव्हते.

गावाच्या नावापासूनच दोन इतिहास सुरू होतात. एक महाभारतातला. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकला, म्हणून कीचकदरा आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आणि जवळचे वैराट ही विराटाची राजधानी. दुसरा इंग्रजांचा. १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण 'शोधून काढले', असे आजही पर्यटकांना सांगितले जाते. मित्राला पहिल्या कथेचे वावडे नाही. पावसाळ्यात येथल्या रस्त्यांवरून चालणाऱ्याला नावासाठी कीचकापर्यंत जाण्याची गरज भासत नाही, इतकाच त्याचा अभिप्राय. दुसऱ्या कथेने मात्र तो चिडतो. "इतका मोठा किल्ला बाजूले उभा, त्याच्यात चारशे वर्षं शिबंदी राह्यली, अन् गाव म्हणे सायबानं शोधलं!" आमच्या मते हा राग रास्त आहे. रॉबिन्सनला गवसली ती थंड हवा. ती हवा ज्यांच्या नाकात पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना तिचा शोध लावण्याचे कारण नव्हते.

हा किल्ला म्हणजे गाविलगड. नाव गवळ्यांचे. मातीची किंवा ओबडधोबड दगडांची त्यांची गढी येथे आधीपासून होती, अशी परंपरा आहे. फिरिश्ता मात्र किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय अहमदशाह बहमनीला देतो आणि साल सांगतो १४२५. पुढे बहमनी राज्याची शकले झाली तेव्हा वऱ्हाड फतहुल्ला इमाद-उल्-मुल्काकडे गेले आणि १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. किल्ल्याची मोठी दुरुस्ती त्याच्या काळातली. या माणसापाशी थोडे थांबले पाहिजे. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो जन्माने विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण; लहानपणी बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. गाविलगडाच्या एका दरवाजावर सिंहांच्या जोडीला दोन तोंडांचा, हत्तींना उचलून धरणारा पक्षी कोरलेला आहे. तो गंडभेरुंड. हेच चिन्ह विजयनगरच्या राजांच्या नाण्यांवरही पुढे येते. वऱ्हाडात घराणे स्थापणाऱ्या माणसाने दक्षिणेतल्या, पाळण्यातच सुटलेल्या घराची ही खूण दगडात आणली असे अनेक अभ्यासक मानतात आणि आम्हालाही ते मानावेसे वाटते. त्या दरवाजाखाली उभे राहिल्यावर हिंदू किल्ला की मुसलमानी किल्ला हा आपल्याकडचा आवडता वाद फारच बाळबोध वाटू लागतो. इमादशाही १५७४ पर्यंत संपली आणि वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेले. १५७७ सालचा बहराम बुरूज हा त्या नव्या धन्याच्या किल्लेदाराचा.

आता किल्ल्याची ठेवण. दक्षिणेकडे मैदानावर सरळ तुटलेले कडे आहेत. आतला मुख्य किल्ला त्याच बाजूला. त्याच्या उत्तरेस खोल घळीपलीकडे बाहेरचा किल्ला, आणि हा बाहेरचा किल्ला मागच्या पठाराला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला. म्हणजे बेटही नव्हे, द्वीपकल्प. खाली राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, फौजा पाहणाऱ्या वऱ्हाडाला या किल्ल्याचे दक्षिणमुखच ठाऊक. आत देव तलाव, मच्छी तलाव अशी तळी असल्यामुळे पाण्याचीही चिंता नाही. खालून पाहिले तर हा किल्ला कोणी घेईल असे कुणाच्या मनातही येऊ नये.

डिसेंबर १८०३ मध्ये तो दहा दिवसांच्या आत पडला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा हा वऱ्हाडातला शेवटचा अंक. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगाव, आणि तेथून नागपूरकर भोसल्यांचे उरलेले पायदळ गाविलगडात शिरले. किल्लेदार बेणीसिंग नावाचा राजपूत. चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी तळ देऊन बसला आणि तेथून त्याने तोफाही डागल्या. पण तो मुख्यतः देखावा होता. खरा हल्ला कर्नल स्टीव्हन्सनवर सोपवलेला. ७ डिसेंबरला त्याची फौज एलिचपुराकडून, म्हणजे आजच्या अचलपुराकडून, निघाली आणि डोंगरांना वळसा घालून उत्तरेकडून आली. सुमारे तीस मैलांची ती वाट. अवजड तोफा आणि दारूगोळा सैनिकांनी जवळजवळ सर्व अंतर हातांनी ओढून नेला. रस्ता नव्हताच, तो आधी करावा लागला. वेलस्लीने आपल्या खलित्यात या मेहनतीचे मुक्तकंठाने कौतुक केले आहे. १२ च्या रात्री तोफा मांडल्या गेल्या आणि १५ च्या सकाळी खिंडारातून हल्ला झाला. बाहेरचा किल्ला लवकर गेला. आतल्या किल्ल्याच्या वाटेवर इंग्रज अडकले आणि लेफ्टनंट कर्नल केनी तेथेच प्राणघातक जखमी झाला. मग ९४ व्या रेजिमेंटचा कॅप्टन कॅम्पबेल घळीच्या पलीकडच्या चढावर शिड्या लावून आत गेला आणि त्याने दरवाजा उघडला. बेणीसिंगाचे प्रेत मृतांच्या राशीत सापडले. राजपूत सरदारांच्या कुटुंबांतील काही स्त्रियांना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनीच मारले होते. काही जखमी होऊन वाचल्या. हल्ल्यात हौसेने सामील झालेला एक तरुण मुलकी अधिकारी होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाने पुढे मुंबईत कॉलेज उभे राहिले. आमच्याकडच्या इंग्रजी विद्येच्या कुळकथेत गाविलगडाच्या खिंडाराचाही एक दगड आहे म्हणायचा.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्याने कटक गमावले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्याला परत मिळाले. एवढे रक्त सांडून घेतलेला किल्ला सही होताच परत! १८२२ मध्ये तो निजामाकडे गेला. रॉबिन्सनची स्वारी त्याच्या पुढच्याच वर्षीची, हे लक्षात घेतले म्हणजे त्या 'शोधा'चे निम्मे गूढ उकलते. १८५८ साली तात्या टोपे येथे ठाण मांडेल या धास्तीने इंग्रजांनी किल्ला निकामी करून टाकला.

स्टीव्हन्सनच्या वाटेबद्दल मित्राचा एकच प्रश्न असतो, आणि तो त्याने देव तलावाच्या काठी बसून आम्हाला विचारला: "तो रस्ता त्यायले सपनात दिसला काय?" नकाशे नसलेल्या सातपुड्यात तीस मैलांचा वळसा परका माणूस पाच दिवसांत काढत नाही. कोणीतरी पुढे चालले असणार. पैशासाठी, धाकाने, किंवा वरच्या धन्याशी काही देणेघेणे नव्हते म्हणून. किल्ल्यातल्यांनी दक्षिणेकडे पाहिले. उत्तरेकडच्या माणसांना त्यांच्या हिशेबात काही जागा असावी असे दिसत नाही. गंडभेरुंडाच्या आडदांड पंजांकडे पाहून मन भरल्यावर हा प्रश्न फार टोचतो. उत्तरेचा हा मुलूख म्हणजे मेळघाट, आणि तेथली माणसे मुख्यतः कोरकू. त्यांची भाषा ना मराठी, ना हिंदी, ना गोंडी. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी, संताळी आणि मुंडारी, शेकडो मैलांवर छोटा नागपुरात नांदतात. भाषेच्या बाबतीत खरे बेट असेल तर ते हे.

रविवारी त्याने आम्हाला सेमाडोहच्या रस्त्याने नेले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. या शतकाच्या आरंभापासून आतली काही कोरकू गावे उठून खाली मैदानाकडे गेली. आपल्या वर्गातल्या मुलांत त्या गावांची मुले आहेत, असे मित्र म्हणाला. त्यांना गाविलगडाचा धडा तो उत्तरेकडून शिकवतो. आधी वाट, मग किल्ला.

एका गावाबाहेर झाडाखाली त्याने गाडी थांबवली. कोरकूंमध्ये मृतांसाठी सिडोली हा विधी करतात आणि सागाच्या लाकडाचा कोरलेला खांब झाडाशी उभा करतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. येथे असे चार-पाच खांब होते. जुन्यांवरचे कोरीव काम पावसाने पुसट झालेले, एकाला खालून वाळवी लागलेली, आणि एक नवा, अजून पिवळसर, ज्यावरचा घोडा स्पष्ट दिसत होता. मित्राने चपला काढल्या आणि आम्हीही काढल्या.